उंबराच्या वळणावरचा तुकडा

सापगाव, शहापूर
२० नोव्हेंबर १९४३

काका,

तुमच्या पायांवर डोकं ठेवलं नि मगच टाक शाईत बुडवला, असं समजा. दीड वर्ष पत्र नाही. कारण तुम्हाला ठाऊक आहे, मलाही ठाऊक आहे. ते पुन्हा उगाळत नाही. गिरजे, बाबांना हे सावकाश वाचून दाखव गो, कुठे मोटार पकडायची नाहीये.

मी धडधाकट आहे. सापगावात एका कुणब्याच्या पडवीत राहतो. शहापूरच्या खाली, आग्रा रोडच्या कडेला माळावर लष्कराचा तळ पडला आहे. मुंबईहून मोटारींचे तांडे येतात, आठ-पंधरा दिवस टेकतात नि पुढे लढाईवर जातात. त्यांच्यासाठी पत्र्याचं मोठं कँटीन आहे. तिथे संध्याकाळी बँड वाजतो आणि त्यात मी क्लारनेट वाजवतो. सनईवर हात बसलेल्याला ती चार महिन्यांत वश होते. मास्तर गोव्याचे आहेत, तापट आहेत, पण तुमच्याइतके नाहीत.

आपण समजत होतो, गोरा म्हणजे गोरा, सगळे एकच. तसं नाही हो. मंगळवारी इंग्रज बसतात, त्यांच्यात स्कॉच असतात, एखाददुसरा पोलंडचा असतो. ह्या युरोपवाल्यांना घरचंच गाणं लागतं. तीन मात्रांचा संथ ठेका, आणि कागदावर लिहिलंय तस्सं वाजवायचं. एक स्वर इकडचा तिकडे झाला की माना वर करून बघतात. सगळे मिळून गातात नि गाताना डोळे मिटतात. मास्तर म्हणतात, ह्यांच्या गावांवर बॉम्ब पडतात, गाण्यातलं घर तेवढं शाबूत राहिलंय.

शनिवारी अमेरिकन. त्यांना कालचं आज चालत नाही. आपण टाळी देतो तिथे ते देत नाहीत, मधल्या रिकाम्या जागेत देतात! नि बँडातल्या एकेकाला उभं करतात. कागद बाजूला ठेव, आता तुझ्या मनाचं वाजव.

मी अजून उभा राहिलो नाही. मी दुसरा क्लारनेट, म्हणजे खालचा. तिकडेही खालचाच होतो.

तुमचा
राघो

॰

धसई, तालुके मुरबाड
मार्गशीर्ष शुद्ध सप्तमी

राघो,

गिरजा लिवते, मी सांगतो. तिला बजावलंय, बोलतो तसंच लिव, शाळेतलं कायपण घालायचं नाय.

जिता हायेस, बरं झालं. तुझी काकी असती त तिनं आज देवीपुढं नारळ फोडला असता. मी नाय फोडला. माझा राग अजून हाय. नदीपासून देवळापर्यंत पालखी खांद्यावर असते, तवर सूर अखंड लागतो. सूर तुटला त पालखी भुईला टेकवावी लागते. माझ्या आज्यापासून कोणी तुटू दिला नव्हता. मी पुढं वाजवत व्हतो, तू मागं सुरावर, एकच स्वर धरून व्हतास, नि उंबराच्या वळणावर तू सूर सोडलास. देवी धुळीत टेकली. गावासमोर तुझ्या थोबाडीत दिली ती त्यापायी. पुन्हा दिली असती.

तुझे दोन जातींचे गोरे ऐकले. इंग्रजाचं मला पटलं. देवीपुढं जे वाजतं ते वाजतं, त्यात बदल कशाला? पण एक सांग. अमेरिकन उभा ऱ्हाऊन मनाचं वाजवतो, तवा बाकीचे काय करतात? सगळेच उठले त खाली कोण ऱ्हातो? हे मास्तरला विचार नि कळव.

आता कामाचं. गेल्या साली वाडीवरचा चांगो सुरावर घेतला. उंबर यायच्या आधी त्याचा दम संपला. पंच म्हणतात, औंदा गोमाच्या घरची जोडी नीट उभी ऱ्हायली नाय त मुरबाडचा पितळी बँड आणू नि मान त्याला देऊ. गेलेला मान परत येत नाय, राघो. चैत्री पुनवेला ये. मी वाजवतो, तू सूर धर. मागचं मागं.

गोमा

(बाबा गोठ्यात गेले म्हणून हे खाली बारीक अक्षरात. दादा, बाबांचे पुढचे दोन दात पडले, दिवाळीच्या आधीच. गोठ्यात जाऊन सनई तोंडाला लावतात, नुसता वारा फुसफुसतो. मग मोठ्याने खोकतात, म्हणजे मला वाटावं खोकल्याने थांबले. मी सांगितलं असं कळलं तर माझी धडगत नाही. तू ये. — गिरजा)

॰

सापगाव
१६ जानेवारी १९४४

काका,

तुमचा प्रश्न मास्तरला विचारायची गरजच पडली नाही. उत्तर काल शनिवारी मिळालं.

गेल्या महिन्यात अमेरिकेची काळ्या शिपायांची पलटण आली नि रस्त्याच्या कामासाठी इथेच थांबली आहे. होय, अमेरिकेचे, पण काळे, आपल्याहून काळे. मास्तर म्हणतात, शनिवारचं ते उलट्या टाळीचं गाणं मुळात ह्यांचंच. पण शनिवारी ह्यांना आत यायची मनाई. गोरे अमेरिकन आत नाचतात नि हे बाहेर उभे. त्यांच्यात वॉल्टर नावाचा एक आहे, माझ्याच वयाचा. कॉर्नेट वाजवतो, छोटी पितळी तुतारीच म्हणा. तो कँटीनच्या पडवीत खिडकीशी उभा राहून आमच्याबरोबर वाजवतो. आतले त्याच्या वाजवण्यावर नाचतात, खिडकीकडे बघत नाहीत.

एका मंगळवारी इंग्रजांनी त्याला आत बोलावलं, खुर्ची दिली. नि काय सांगू, एक स्वर हलला तर खपत नाही अशी ती माणसं, ह्याचं दर खेपेला बदलणारं वाजवणं कीर्तनाला बसल्यासारखी गप्प ऐकत राहिली. दुसऱ्या दिवशी अमेरिकन साहेबाने ते बंद पाडलं. इंग्रज तरी कुठले मोठे लागून गेलेत, मला अजून मागच्याच दाराने यावं लागतं. पण त्या रात्री त्यांनी ऐकलं, हे खरं.

काल वॉल्टरने खिडकीतून माझ्याकडे बोट केलं. ऊठ. मास्तरने मान हलवली. मी उठलो नि मला काही सुचेना. सात वर्षं तुमच्या मागे एकच सूर धरला, माझ्या मनाचं असं काही उरलंय का तेच कळेना. मग बोटं आपसूक पालखीच्या चढावर वाजते त्या चालीवर गेली. तुमचं वाजवणं, तुमच्या हरकतींसकट. आणि काका, वॉल्टरने आपलं वाजवणं थांबवलं नि माझ्याखाली एकच स्वर धरला. त्याला कोणी सांगितलं नव्हतं. सूर न तोडता नाकाने दम घ्यायची आपली युक्ती त्याला येत नाही, चार मात्रांत तुटायचा, पुन्हा धरायचा. पण धरून ठेवला.

हे तुमच्या प्रश्नाचं उत्तर. एक उठला की बाकीचे त्याला खालून धरतात. मग दुसरा उठतो. पाळीपाळीने.

माझ्यासाठी आजवर कोणी सूर धरला नव्हता. मला कँटीनमध्ये रडू आलं.

म्हणून स्पष्ट लिहितो. मी पालखीला सूर धरायला येणार नाही. पुन्हा तुमच्या मागे उभा राहणार नाही. दुसरा कोणी बघा.

राघो

॰

धसई
माघी गणपतीचा दिवस

राघो,

तू येतोस म्हणून लिवलंस, माझा जीव भांड्यात पडला. आजच पंचांना सांगून आलो, माझा पुतण्या येतो, बँडबिंड काय नको. माझा शब्द गेलाय, आता मागंपुढं करू नको.

तुझ्या त्या वालटरचं ऐकून मला नवल नाय वाटलं. आमी लग्नात वाजवतो, तवा कुठं बसतो? मांडवाबाहेर. आमच्या सनईबिगर नवरी उठत नाय, नि पंगत उठल्यावर आमची पानं मांडतात. त्याला विचार, जेवण आधी देतात का मागनं. तो सांगेल त मला कळव. आनि त्याला नाकानं दम घ्यायचं शिकव. वाटीत पाणी घे, भाताची काडी घे, बुडबुडा थांबू द्यायचा नाय. तुला मी तसंच शिकवलं. घरची विद्या परक्याला देऊ नये म्हणतात, पण ज्याला पडवीत उभं करतात तो परका नाय.

गोमा

(दादा, माझा गळा दाब हवा तर. तुझ्या पत्रातलं शेवटचं मी वाचलंच नाही. ‘मला रडू आलं’ इथे थांबले. बाबा खांबाला टेकून ऐकत होते नि त्यांचेही डोळे भरले होते. त्यांनी विचारलं, मग येतो ना तो? मी हो म्हटलं. तोंडातून गेलं. मला वाटलं ते घरातच बोलतील, ते तडक पंचांकडे गेले. आता काय करू? — गिरजा)

॰

सापगाव
२० फेब्रुवारी १९४४

गिरजे,

तू काय करून बसलीस? पंचांना शब्द गेला म्हणजे तो आता काकांच्या मानेवर बसला. हे पत्र पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचून दाखवायचं. तू गाळलेलंही सांगायचं. एक अक्षर गाळलंस तर मला पुन्हा दादा म्हणू नकोस.

काका, मी येतो असं लिहिलं नव्हतं. येणार नाही असं लिहिलं होतं. गिरजाला मारू नका, तिने तुमचं तोंड बघून खोटं सांगितलं. तुमचे दात गेले तेही मला ठाऊक आहे. तुम्ही पुढे वाजवणार कशाने? मला ‘सूर धर’ म्हणता नि माझ्यापुढे वाजवणार कोण?

आता त्या दिवसाचं सांगतो. उंबराशी तुम्हाला ढास लागली, तुमची सनई तोंडातून सुटली, ओठावर रक्त दिसलं. पुढचं वाजवणं बंद पडलं. लोक तुमच्याकडे बघायला लागले. मी सूर सोडला नि तुमचं वाजवणं पुढे चालवलं, तुमची लाज राहावी म्हणून. सूर तुटला की पालखी टेकते, हे त्या घटकेला डोक्यातच आलं नाही. काका, ही चूक माझीच. पण खोटं कशाला बोलू, वाजवताना मला आनंदही झाला. सात वर्षं वाट बघितली होती. सूर सोडला तेवढ्यासाठी तुम्ही मारलंत असं मी धरून चाललो.

वॉल्टरला विचारलं. जेवण मागनंच देतात, वेगळ्या पंगतीत. तो हसला नि म्हणाला, तुझ्या काकाला सगळं कसं ठाऊक? काडी नि वाटी घेऊन आठ दिवस बसला. नवव्या दिवशी बुडबुडा थांबला नाही, तेव्हा एवढा मोठा माणूस पोरासारखा नाचला. त्याच्याकडून मी एक तुकडा घेतला, पाच-सहा स्वरांचाच. वर चढता चढता मधेच पायरी चुकल्यासारखा खाली येतो नि मग समेवर उभा राहतो. परवा त्यांचा तांडा आसामकडे गेला. मोटारीच्या मागच्या फळीवर बसून तो सूर धरून होता, वळणाआड जाईपर्यंत तुटला नाही.



राघो

॰

धसई
होळीच्या दुसऱ्या दिवशी

राघो,

गिरजानं सगळं वाचलं. हुंदके देत वाचलं, पण वाचलं. मी तिला मारली नाय. दोन दिवस बोललो नाय, तेवढंच.

आता माझं ऐक. गिरजे, हे पण लिव, गाळू नको.

मी तुला सूर सोडल्याबद्दल मारलं नाय. लोकांना तसं सांगितलं, तुला सांगितलं, मलापण तसंच सांगत व्हतो. खरं हे की मी ओठ पुसत उभा व्हतो नि तू वाजवत व्हतास, नि तू माझ्यापेक्षा गोड वाजवत व्हतास. माझ्याच हरकती, पण माझ्यापेक्षा गोड. मागं कोण तरी बोललापण, गोमापेक्षा पोर भारी. माझा हात तवा उठला. देवीला मी निमित्त केलं. ह्याचं पाप माझ्या माथी.

सात वर्षं तुला मागं ठेवला. माझ्या बापानं मला अकरा वर्षं ठेवला व्हता. आपल्या घरात थोरल्यानं धाकट्यासाठी सूर धरल्याचं मी कधी ऐकलं नाय. थोरला मरतो, मग धाकटा पुढं येतो. हीच रीत.

पण तो परमुलखाचा माणूस, तुझा ना सगा ना सोयरा, आपलं वाजवणं सोडून तुझ्याखाली बसला. मी त तुझा चुलता.

वाजवायला दात लागतात. सुराला नुसता गाल नि दम. गोठ्यात आठ दिवस करून बघितलं, नदी ते देऊळ एवढा दम अजून हाय. तू ये. पुढं तू उभा ऱ्हा. सूर मी धरतो.

मान ऱ्हावा म्हणून सांगत नाय. मान गेला तरी चालंल. तू ये.

गोमा

(मी काहीच गाळलं नाही. मला फक्त एवढंच लिहायचंय, की बाबांनी काल तुझ्या नावाने नारळ फोडला. — गिरजा)

॰

सापगाव
२३ जुलै १९४४

काका,

पालखीनंतर दोन दिवसांतच तळावर परत यावं लागलं. तेव्हापासून पत्र लिहीन लिहीन म्हणतोय. बसलो की तो दिवस आठवतो नि टाक तसाच राहतो. नदीवर तुम्ही माझ्या मागे जाऊन उभे राहिलात, तेव्हा पंचांमध्ये कुजबुज झाली. म्हातारा मागे कसा? तुम्ही गाल भरले नि सूर लावला. मला मान वळवून बघता येत नव्हतं. नुसतं पाठीवर कळत होतं की तुम्ही आहात.

उंबराशी आलो. तिथे मला तुमची हरकत आठवेना. आठवला तो वॉल्टरचा तुकडा, नि तोच वाजला. पालखीवाले क्षणभर थबकले. संबळवालाही चुकला. मला वाटलं, संपलं. पण तुमचा सूर जागचा हलला नाही, म्हणून समेवर येता आलं.

देवळात पंचांनी तुम्हाला विचारलं, उंबराशी वाजलं ते काय? आणि तुम्ही, आयुष्यभर एक स्वर बदलू न देणारे तुम्ही, म्हणालात, ते आमच्या घरचं जुनं हाय, माझा आजा वाजवायचा, मधी बंद पडलेलं. मी तुमच्या तोंडाकडे बघत राहिलो. तुम्ही दात नसलेल्या तोंडाने हसलात. मान आपल्या घरात राहिला, पण मला घरी घेऊन गेलं ते तुमचं हसणं.

आता जे लिहायला बसलो ते लिहितो. काल वॉल्टरच्या पलटणीतला एक शिपाई, पाय मोडून, परत जाताना इथे उतरला. मला शोधत कँटीनच्या मागच्या दाराशी आला. आसामच्या डोंगरात रस्ता बांधताना जूनमध्ये दरड कोसळली. वॉल्टर त्यात गेला. चौघं दबले, दोघं निघाले, तो निघाला नाही. शिपाई म्हणाला, रोज रात्री तंबूत तो एकच लांब स्वर वाजवायचा, सगळे ओरडायचे, बंद कर बाबा ते. आता तंबूत फार शांत वाटतं, असं म्हणाला.

वॉल्टरच्या घरचा पत्ता त्याला ठाऊक नव्हता. तुम्हाला सांगितलं नाही तर कोणाला सांगू?

राघो

॰

धसई
श्रावण शुद्ध दशमी

राघो,

गिरजानं वाचलं. सकाळी नदीवर जाऊन त्याच्या नावानं पाणी सोडलं. त्याचं गोत्र ठाऊक नाय, बापाचं नाव ठाऊक नाय. भटजीला विचारलं नाय, तो नाय म्हणाला असता. ‘वालटर, वाजंत्री’ एवढं बोललो नि सोडलं.

तू तळावर आहेस तवर ऱ्हा. शनिवारी अमेरिकन लोकांपुढं मनाला येईल ते वाजव, मंगळवारी इंग्रजांचं लिवलेलं वाजव. त्यात मी काय बोलणार नाय. पण पालखीचं मी सांगतो ते ऐक. चढावर कुठं काय हरकत घ्यायची ती घे, तुझ्या मनाची घे, दर साली बदल. पण उंबराच्या वळणावर त्याचा तुकडा वाजायचा. तस्साच. एक स्वर इकडचा तिकडं नाय. तू वाजव, मग तुझा पोर वाजवील, त्याचा पोर वाजवील. कोणी विचारलं त घरचं हाय म्हणून सांगायचं.

आनि तिथं चुकलास त सूर सोडून पुढं येईन नि पुन्हा थोबाडीत देईन.

गोमा